पोटातल्या बाळाला गाठ दिसली : सोनोग्राफीपासून ऑपरेशनपर्यंत काय, कधी आणि कुठे

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफी रिपोर्टवर ‘मास’ किंवा ‘ट्यूमर’ असं लिहून आलं की घरात पहिला प्रश्न येतो : कॅन्सर आहे का? जन्माआधी याचं पक्कं उत्तर मिळत नाही, आणि सुरुवातीला त्यावाचून काही अडतही नाही. गर्भातल्या बऱ्याच गाठी पेशींच्या दृष्टीने साध्या असतात. त्या बाळाच्या जिवावर उठतात त्या आकारामुळे, रक्त ओढून घेतल्यामुळे किंवा श्वासाची, रक्ताची वाट अडवल्यामुळे. म्हणून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : गाठ नेमकी कुठे आहे, किती वेगाने वाढतेय आणि बाळाचं हृदय तिचा भार पेलतंय का. या तिन्हींवरून चौथी गोष्ट ठरते, बाळंतपण कुठे करायचं : कोल्हापुरातच की पुण्या-मुंबईला. बहुतेक घरांत ही चौथी गोष्ट शेवटी ठरते. ती निदानानंतरच्या पहिल्या महिन्यातच ठरायला हवी, कारण नऊ महिने पोटात तग धरलेलं बाळ चुकीच्या ठिकाणी जन्मल्यामुळे पहिल्या तासात गमावलं जाऊ शकतं.

पहिला आठवडा

अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळातले दोष बघणारी सोनोग्राफी, १८ ते २२ आठवड्यांत होतो. त्यात गाठीचा संशय आला तर आठवड्याच्या आत फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या) तज्ज्ञाकडून दुसरी, सविस्तर सोनोग्राफी करून घ्या. जाताना नुसता कागद नेऊ नका. सगळ्या फिल्म किंवा सीडी आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सोबत असू द्या. बाळाचे आठवडे त्या पहिल्या सोनोग्राफीवरूनच बरोबर कळतात, आणि पुढचे सगळे आकडे आठवड्यांवर चालतात. घरात महिने मोजतात, डॉक्टर आठवडे मोजतात, त्यामुळे ‘सातवा लागला’ एवढं सांगून भागत नाही. २८ आणि ३१ आठवडे दोन्ही सातव्यात बसतात, पण निर्णय वेगळे होतात.

चांगल्या रिपोर्टमध्ये गाठीची जागा, लांबी-रुंदी-उंची अशी तीन मापं, ती भरीव आहे की पाण्याची आणि डॉपलरवर तिच्यात रक्तप्रवाह किती, हे हवं. पाठीचा कणा आणि डोकं नीट आहे का, मूत्राशय-मूत्रपिंड फुगलेत का, गर्भजल किती, वार किती जाड, हेही हवं. यातलं काही नसेल तर विचारून घ्या.

मापं हाती आली की घनफळ घरीही काढता येतं : तिन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्या, एकमेकांनी गुणा आणि ०.५२ ने गुणा. ६ × ५ × ५ सेंटिमीटरची गाठ म्हणजे ७८ मिलिलीटर. रिपोर्टमध्ये मापं बहुधा मिलिमीटरमध्ये असतात, तेव्हा आधी दहाने भागा. दर वेळचं घनफळ तारखेसह वहीत लिहून ठेवा. दोन वेगवेगळ्या सेंटरचे रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर गाठ वाढली की मोजणी बदलली, असा घोळ होतो. शक्य तितक्या वेळा एकाच डॉक्टरकडून मोजून घेतलं की तो टळतो.

एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. गाठ ओटीपोटात किती आत गेलीय, मानेतल्या गाठीने श्वासनलिका कुठे ढकललीय, मेंदूत काही आहे का, हे सोनोग्राफीत धूसर राहिलं तरच करतात. २४ आठवड्यांनंतर चित्र जास्त स्पष्ट येतं. त्यात रंगाचं इंजेक्शन देत नाहीत. कोणी सुचवलं तर ‘मी गरोदर आहे’ हे पुन्हा सांगा. पोटात सुई घालून गाठीचा तुकडा काढण्याची तपासणी सहसा करत नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका फायद्याहून मोठा असतो.

माकडहाडाच्या गाठी मुलींमध्ये तीन-चार पटींनी जास्त आढळतात, हे इंटरनेटवर वाचून काही जण ‘मग मुलगी आहे का?’ असं विचारून बसतात. गर्भलिंग सांगणं आणि विचारणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि इथल्या उपचारात त्या माहितीने काहीही बदलत नाही. विचारू नका.

सगळ्यात जास्त दिसणारी गाठ : माकडहाडाची

जन्मजात गाठींत सर्वाधिक आढळणारी ही, सॅक्रोकॉक्सिजिअल टेराटोमा. तरीही साधारण ३५ ते ४० हजार जन्मांमागे एक, म्हणजे एखाद्या प्रसूतितज्ज्ञाला आख्ख्या कारकिर्दीत एखाददुसरीच दिसावी. आधी एक गोष्ट वेगळी काढायची : पाठीच्या कण्याच्या दोषातली पिशवी. तिच्यात मणक्यांची फट दिसते आणि डोक्याच्या, लहान मेंदूच्या आकारातही बदल दिसतात. टेराटोमात कणा सहसा शाबूत असतो आणि गाठ माकडहाडाच्या टोकापासून निघते.

तिचे चार प्रकार करतात. पहिल्यात जवळजवळ सगळी गाठ बाहेर, दुसऱ्यात बाहेर आणि ओटीपोटात दोन्हीकडे, तिसऱ्यात मोठा भाग आत, चौथ्यात सगळीच आत. बाहेर नारळाएवढं लोंबणारं पाहून घरचे हादरतात. सर्जनच्या दृष्टीने मात्र ती सोपी, कारण ती दिसते आणि लवकर निघते. चौथ्या प्रकारची जन्मानंतरही दिसत नाही. बाळाला शी घट्ट होते, लघवी अडते, आणि तोवर महिने गेलेले असतात. वय वाढेल तशी गाठ कर्करोगात बदलण्याची शक्यता वाढते. दोन महिन्यांच्या आत काढलेल्यांत ती कमी असते, त्यानंतर झपाट्याने चढते. ‘थोडं वजन वाढू दे, मग ऑपरेशन करू’ हा घरगुती सल्ला इथे म्हणूनच चालत नाही.

पोटात असताना खरा प्रश्न रक्ताचा. भरीव, रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ बाळाचं रक्त स्वतःकडे खेचते आणि हृदयाला दोघांचं काम करावं लागतं. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, याला हायड्रॉप्स म्हणतात. तिथे पोहोचण्याआधीच्या खुणा अशा :

- गाठीचं घनफळ भागिले बाळाचं अंदाजे वजन. वरचीच ७८ मिलिलीटरची गाठ आणि बाळ ६५० ग्रॅमचं असेल, तर उत्तर ०.१२. २४ आठवड्यांआधी हा आकडा ०.१२ च्या वर गेला तर जोखीम मोठी.
- आठवड्याला १५० मिलिलीटरहून जास्त वाढ.
- छातीच्या मानाने हृदयाचा आकार निम्म्याहून मोठा, किंवा खालून रक्त आणणारी मोठी शीर १ सेंटिमीटरहून रुंद.
- दोन्ही कप्प्यांनी मिळून फेकलेलं रक्त मिनिटाला किलोमागे ७५० ते ८०० मिलिलीटरच्या वर.
- वार ४ सेंटिमीटरहून जाड होत जाणं, बाळाच्या पोटात-छातीत पाणी, कातडीला सूज.

पहिल्या आकड्यात एक खोट आहे. बाळाचं वजन यंत्र पोटाच्या घेरावरून काढतं. गाठ पोटात शिरलेली असेल किंवा पोटात पाणी झालं असेल तर घेर खोटा वाढतो, वजन जास्त दिसतं आणि भागाकार उगाच कमी येतो. म्हणून या एका आकड्यावर निर्धास्त होऊ नका. हृदयाची इको सोबत हवीच.

पाण्याची, कमी रक्तप्रवाहाची गाठ असेल तर दोन आठवड्यांनी एक सोनोग्राफी पुरते. भरीव गाठीला दर आठवड्याला सोनोग्राफी आणि फीटल इको. वाढ वेगात असेल तर त्याहूनही लवकर. मधला एखादा आठवडा ‘बरं वाटतंय’ म्हणून चुकवू नका. आईला बरं वाटण्याचा आणि बाळाच्या हृदयाचा इथे संबंध नसतो.

आईच्या तब्येतीकडेही डोळा हवा. चेहरा आणि हात सुजणं, वजन एकदम वाढणं, बीपी चढणं, धाप लागणं : बाळाला हायड्रॉप्स झाला की काही जणींना अशीच सूज चढते. याला मिरर सिंड्रोम म्हणतात, आणि तो आईच्या जिवावर बेततो. अशा वेळी बाळंतपण पुढे ढकलत नाहीत. पोट भराभर वाढणं, ताणल्यासारखं होऊन श्वास लागणं म्हणजे गर्भजल वाढलंय. त्यातून अवेळी कळा येतात. जास्तीचं पाणी सुईने काढून काही दिवस मिळवता येतात.

पोटात असतानाच उपचार होतो का?

होतो, पण फार थोड्यांचा. गाठीत मोठी पाण्याची पिशवी असेल तर सुईने पाणी काढतात; कधी गर्भजल वाढू नये म्हणून, कधी बाळंतपणात गाठ फुटू नये म्हणून. लेसर किंवा रेडिओलहरींनी गाठीच्या रक्तवाहिन्या जाळण्याचे उपाय आहेत. त्यात शेजारच्या नसा, खुब्याचा सांधा भाजण्याचा आणि गाठीत अचानक रक्तस्राव होण्याचा धोका असतो. गर्भपिशवी उघडून गाठ कापण्याची शस्त्रक्रिया जगातल्या मोजक्याच केंद्रांत होते, तीही २८ आठवड्यांच्या अलीकडे हृदय थकायला लागलेल्या निवडक बाळांसाठी. कोणी हे खात्रीचा इलाज म्हणून विकत असेल तर दुसरं मत घ्या.

२८ आठवड्यांच्या पुढे हृदय दमायला लागलं तर बाळ बाहेर काढून उपचार करणं जास्त पसंत करतात. मग ३४ आठवड्यांआधी आईला फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं द्यावी लागतात : डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२ तासांच्या अंतराने चार वेळा, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांनी दोन वेळा. पूर्ण फायद्याला साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणून बाळंतपण जवळ दिसू लागताच, इंजेक्शन सुरू करायचं की नाही हे कोल्हापुरातल्या आणि जिथे पाठवायचं त्या रुग्णालयातल्या अशा दोन्ही डॉक्टरांनी फोनवर ठरवावं, गाडीत बसवून दिल्यावर नाही.

‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं नाही’ हा समज इथे फार नुकसान करतो. ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा सर्वच बाबतींत तयार असतं. डॉक्टरांनी ३५ व्या आठवड्याची तारीख दिली आणि घरच्यांनी ‘नववा लागू दे’ म्हणून थांबवलं, तर तेवढ्या दिवसांत गाठ फुटू शकते. ग्रहण, पपई, मोबाइल यांचा या गाठींशी संबंध नाही. सुनेला त्यावरून एक शब्दही ऐकवू नये.

बाळंतपण कुठे

लहान, पाण्याची, बाहेरच्या बाजूची गाठ असेल आणि हृदय उत्तम असेल तर कोल्हापुरातही बाळंतपण होऊ शकतं. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) असो, मेडिकल कॉलेजचं दुसरं रुग्णालय असो की खासगी. मात्र ठिकाणाचं नाव बघून नव्हे, प्रश्नांची उत्तरं बघून ठरवा. नवजात बाळांवर ऑपरेशन करणारा बालशल्यविशारद त्या आठवड्यात गावात आहे का? नवजाताला भूल देणारे डॉक्टर कोण? एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) व्हेंटिलेटर आणि खाट राखीव मिळेल का? रक्तपेढीतून आईच्या रक्ताशी जुळवलेलं ओ निगेटिव्ह रक्त बाळ जन्मायच्या आधी थिएटरमध्ये येईल का? चारपैकी एकाचंही उत्तर ‘बघू’ असेल तर पुणे किंवा मुंबई.

भरीव गाठ, ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ, मानेची किंवा तोंडातली कुठलीही गाठ, हृदयाचा मार्ग अडवणारी गाठ : या सरळ पुढे पाठवायच्या. मुंबईत परळला वाडियांचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय शेजारी-शेजारी आहे, शेजारीच केईएम, आणि टाटा मेमोरियलही परळलाच. आई आणि बाळ वेगळ्या शहरांत पडत नाहीत, हा अशा ठिकाणांचा मोठा फायदा. पुण्यात ससून आणि मोठी खासगी रुग्णालयं आहेत. ३० व्या आठवड्याच्या आत तिथे एकदा जाऊन नाव नोंदवा, प्रसूतितज्ज्ञ आणि बालशल्यविशारद दोघांना भेटा. ३४ व्या आठवड्याला, किंवा डॉक्टर सांगतील त्याआधी, तिथेच मुक्काम हलवा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत या वेळी बाजूला ठेवावी लागेल. माहेर चंदगड किंवा आजऱ्याकडे असेल तर तिथून कोल्हापूर गाठण्यातच वेळ जातो, आणि कोल्हापूर-पुणे पुढे २३० किलोमीटर. तारीख जुलै-ऑगस्टमध्ये असेल तर आणखी एक हिशोब : २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुण्याकडची वाट कित्येक दिवस बंद होती. पंचगंगेचं पाणी चढायची वाट न बघता जूनअखेरच निघालेलं बरं.

गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी असेल तर साधारणपणे सिझरच करतात. साध्या बाळंतपणात डोकं आणि धड बाहेर येतं, गाठ अडकते आणि फुटते. सिझरचा छेदही मोठा, कधी उभा घ्यावा लागतो. तो कसा घेतला हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. पुढच्या बाळंतपणाला ते लागतं.

जन्मानंतरचा पहिला तास

तीन किलोच्या बाळात एकूण रक्त सुमारे अडीचशे मिलिलीटर. चहाचा एक कप भरेल एवढं रक्त गाठीतून गेलं तर मोठ्या माणसाचं दोन लिटर गेल्यासारखं. म्हणून सगळा खेळ गाठीला धक्का न लागू देण्याचा.

बाळ कोरडं करून पालथं किंवा कुशीवर ठेवतात, गाठीवर उताणं कधीच नाही. गाठीभोवती कोमट सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज आणि त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळतात. एवढ्या मोठ्या ओल्या पृष्ठभागावरून ऊब आणि पाणी दोन्ही उडून जातं. गाठ हाताने उचलून दाखवायची नाही, फोटोसाठीही नाही. सलाईनची सुई हाताला लावतात, पायाला नाही, कारण पायाकडून येणारी शीर गाठीखाली दबलेली असू शकते. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन लगेच. रक्त आलंच तर गॉजने हलका, सलग दाब; पुन्हापुन्हा उघडून बघायचं नाही.

एक चूक सहज होते. काट्यावरचं वजन गाठीसकटचं असतं. बाळ ३.४ किलो आणि गाठ अंदाजे ८०० ग्रॅमची असेल तर औषधांचा, सलाईनचा, रक्ताचा हिशोब २.६ किलोवर करायचा. हे केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं.

ठरवलेलं सगळं बाजूला राहून गडहिंग्लजला किंवा एखाद्या आरोग्यकेंद्रातच बाळ जन्मलं तर हेच सगळं करून १०८ बोलवा. निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला फोन करा, बाळासोबत आईच्या रक्ताची नळी द्या म्हणजे तिथे रक्त जुळवता येईल. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राहायला हवं. आई सोबत येऊ शकत असेल आणि बाळ स्थिर असेल तर आईच्या उघड्या छातीवर पालथं बाळ, वरून टोपी आणि पांघरूण, ही चांगली व्यवस्था आहे. गाठही वर राहते.

ऑपरेशन आणि नंतरची तीन वर्षं

बाळ स्थिर असेल तर पहिल्या आठवड्यात ऑपरेशन होतं, रक्तस्राव असेल तर तातडीने. मागून उलट्या व्ही आकाराचा छेद घेतात, गाठीला रक्त पुरवणारी मधली धमनी बांधतात आणि गाठीसोबत माकडहाड काढतात. माकडहाड मागे ठेवलं तर गाठ पुन्हा होण्याची शक्यता फार मोठी, साधारण तिघांमागे एकाला. म्हणून डिस्चार्ज घेताना ‘माकडहाड काढलं’ असं कार्डावर आहे का, हे बघाच. पूर्ण गाठ तपासणीला जाते; रिपोर्ट परिपक्व, अपरिपक्व किंवा कर्करोगाचा, असा येतो. कर्करोगाचा असला तरी या गाठी केमोथेरपीला चांगला प्रतिसाद देतात. पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड जपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात त्याच मागतात.

मग, गाठ परत उगवतेय का हे कळायला, एएफपी नावाची रक्ततपासणी. इथे घाबरगुंडी हमखास उडते : मोठ्यांत दहाच्या आत असणारा आकडा नवजात बाळात हजारोंच्या घरात येतो, आणि लॅबच्या कागदावर लाल अक्षरात ‘हाय’ छापून येतं. नवजातात तो तसाच असतो. बघायचा तो उतार. आकडा महिन्यामहिन्याला खाली येत आठ-दहा महिन्यांत मोठ्यांच्या पातळीला टेकायला हवा. उतरता उतरता पुन्हा चढला तर त्याच आठवड्यात सर्जनकडे. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा.

तीन महिन्यांनी एकदा, तीन वर्षं : एएफपी, सर्जनकडून गुदद्वारातून बोटाने तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. बोटाची तपासणी बाळाला त्रास होतो म्हणून पालक टाळतात. आतल्या बाजूला परत उगवणारी गाठ मात्र तिनेच सगळ्यात आधी हाताला लागते. शी कडक होणं, सतत लागणं, लघवी थेंबथेंब होणं हे काही मुलांत राहतं. त्यावर उपाय आहेत, पण शाळेत जायच्या वयापर्यंत गप्प राहून नाही.

इतर गाठी, थोडक्यात

हृदयातल्या बहुतेक गाठी ऱ्हॅब्डोमायोमा असतात. त्या जन्मानंतर आपोआप आक्रसतात आणि ऑपरेशन क्वचितच लागतं. रक्ताची वाट अडली किंवा ठोके बिघडले तर सिरोलिमस, एव्हरोलिमस ही औषधं तज्ज्ञ वापरतात. पण गाठी एकाहून जास्त असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजाराची शक्यता खूप मोठी, आणि त्याचा त्रास हृदयापेक्षा मेंदूला जास्त. आईवडिलांनी स्वतःची त्वचा तपासून घ्यावी, टीएससी १ आणि टीएससी २ या जनुकांची तपासणी विचारावी. बाळ तीन महिन्यांचं झालं की लक्ष ठेवा : झोपेतून उठल्यावर बाळ अचानक कमरेत वाकतं, हात फाकतं, सैल पडतं, काही सेकंदांनी पुन्हा तसंच, अशी माळ लागते. घरी याला ‘पोटात कळ आली’ किंवा ‘दचकलं’ म्हणतात आणि ग्राइप वॉटर देतात. ही फिट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. ईईजी (मेंदूचा आलेख) करून औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी बुद्धीची वाढ वाचते.

मूत्रपिंडाच्या वरची गाठ सहसा शेवटच्या तीन महिन्यांत दिसते, आधीचा अॅनॉमली स्कॅन स्वच्छ असतो. ती न्यूरोब्लास्टोमा (मज्जापेशींचा कर्करोग) असू शकते, नुसता रक्तस्रावही असू शकतो. नाव भीतीदायक असलं तरी पोटात दिसलेल्या न्यूरोब्लास्टोमाचा निकाल बहुतांशी चांगला लागतो. जन्मानंतर ३ सेंटिमीटरपर्यंतची भरीव किंवा ५ सेंटिमीटरपर्यंतची पाण्याची छोटी गाठ असेल तर दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी करून नुसतं लक्ष ठेवतात; ती बऱ्याच वेळा ऑपरेशनशिवाय विरते. घाईने कापू नका.

मूत्रपिंडातच भरीव गाठ आणि सोबत गर्भजल खूप वाढलेलं, तर मेसोब्लास्टिक नेफ्रोमाचा विचार होतो. धोका अवेळी बाळंतपणाचा. जन्मानंतर बाळाचं बीपी आणि कॅल्शियम तपासावं लागतं. मूत्रपिंड काढल्यावर बहुतेकांना पुढे काही लागत नाही. यकृतात बहुधा रक्तवाहिन्यांची गाठ असते. मोठी असली तर तीही हृदयाला दमवते आणि प्लेटलेट खाते.

मानेतली किंवा तोंडातली मोठी गाठ मात्र वेगळी. बाळाला गर्भजल गिळता येत नाही म्हणून पाणी वाढतं, आणि जन्मताच श्वास अडतो. इथे एक्झिट नावाची पद्धत वापरतात : सिझरमध्ये डोकं आणि खांदे बाहेर काढून नाळ तशीच चालू ठेवतात आणि वारेवर जगणाऱ्या बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालतात किंवा गळ्याला छिद्र पाडतात. गर्भपिशवी सैल ठेवणारी खोल भूल, दोन स्वतंत्र टीम आणि आधी झालेली तालीम लागते. हे ऐनवेळी जमत नाही. ३० व्या आठवड्याआधी ठिकाण ठरलेलं हवं.

गाठ बाळात नसून वारेतही असते, कोरिअँजिओमा. ४-५ सेंटिमीटरच्या आतली सहसा काही करत नाही. मोठी असेल तर बाळाला रक्तक्षय आणि हायड्रॉप्स होतो का, हे मेंदूच्या धमनीच्या डॉपलरवर बघत राहतात.

गर्भपाताचा प्रश्न आणि पैशांचा

गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २४ च्या पुढे, गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. म्हणजे २४ आठवडे उलटले म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत, आणि २३ व्या आठवड्यात घाबरून सही करायचीही गरज नाही. निर्णयाआधी बालशल्यविशारदाला भेटाच. गर्भातल्या चित्रापेक्षा त्यांना जन्मानंतरची मुलं जास्त ठाऊक असतात. शेवटचा शब्द बाईचा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि मंजूर शस्त्रक्रियांनाच. नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसणार. जन्मनोंद आणि आईवडिलांच्या कागदांवर काम कसं होईल, कोणती प्रत लागेल, हे विचारून फाईल तयार ठेवा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत मोफत उपचार आणि वाहनाची सोय जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मिळते. आशाताईंना सुरुवातीपासून सांगून ठेवा. त्यांच्यापासून लपवू नका, गाडी मिळवायला त्या कामाच्या.

पुढच्या वेळी पुन्हा होईल का, असं विचारतात. माकडहाडाची टेराटोमा सहसा पुन्हा होत नाही. अपवाद घराण्यात चालणाऱ्या काही प्रकारांचा, जिथे त्रिकास्थी, म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड, अपुरं असतं किंवा गुदद्वाराचा दोष सोबत असतो. अशा वेळी आईवडिलांचा साधा एक्स-रेही काढतात. ट्यूबरस स्क्लेरोसिस आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक गर्भाला निम्मी शक्यता. आणि सिझरचा छेद उभा, वरपर्यंत घेतलेला असेल तर पुढच्या वेळी कळांची वाट बघायची नसते. ३६-३७ आठवड्यांना ठरवून सिझर करतात. दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्याच भेटीत ते जुनं कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा.